बारशिंग्याचा जमाखर्च

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. परंतु हरणालाही इतिहास असतो, आणि त्याचा जमाखर्च माणसांच्याच वहीत मांडावा लागतो. कान्ह्याचा बारशिंगाच घ्या.

प्रौढ नराच्या शिंगांना मिळून बहुधा बारा टोके असतात, म्हणून हे नाव. त्याचे भाईबंद तराईत आणि आसामात दलदलीच्या आश्रयाने राहतात. मंडला-बालाघाटकडचा बारशिंगा मात्र कठीण जमिनीवरचा. गवताखेरीज तो फारसे काही खात नाही, आणि मादी पाडस लपविते तेही उंच गवतातच.

१९३८ च्या सुमारास कान्ह्यात सुमारे ३,००० बारशिंगे होते, असा अंदाज आहे. १९५५ साली, राजधानी नागपुरास असताना, मध्यप्रदेश सरकारने कायदा करून तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. तरीही घसरण थांबली नाही. १९७० मध्ये उरले अवघे ६६!

बंदुकीला बंदी पुरेशी नव्हती. खरे दुखणे गवतात होते. दरवर्षी गवत जाळले जाई, गुरे चरत, आणि पाडसांना आडोसाच उरत नसे. मग कुंपणाआड काही हरणे वाढविण्यात आली, आगी आवरल्या, आणि उद्यानातील गावे उठविली. सोंफसारख्या उठलेल्या गावाच्या शेतांवर गवत माजले, तेथे बारशिंगे उतरले. पुढे त्यांची संख्या हजारापर्यंत पोचली. २०१५ पासून काही हरणे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेली.

ही झाली जमा. आणि खर्च? ती गावे गोंड आणि बैगा लोकांची होती. नांगर न लावता राखेत बी पेरणारी बैगांची बेवर शेती इंग्रजी अमलातच आक्रसली होती. आता गावही गेले. यशाच्या अहवालात शास्त्रज्ञांची आणि अधिकाऱ्यांची नावे येतात, ती यावीतच. परंतु ज्यांनी घरअंगण सोडले, त्यांचे नाव तेथे कोण लिहितो?

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. ताळेबंदात नफा दिसतो, घाम दिसत नाही, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. बारशिंगा वाचला याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. पण गाव हलविण्यास ग्रामसभेची संमती हवी, हे कायद्याने मान्य व्हायला २००६ साल उजाडावे लागले. उद्या दुसरे जनावर वाचवायचे असेल, तर ही संमती कागदापुरती न घेता आधी त्या माणसांपाशी जाऊन बसले पाहिजे.