अपराध एकाचा, दंड सर्वांस

अपराध कोणा एकाचा व दंड साऱ्या गावास, ही रीत महाराष्ट्रास नवी नाही. रँडसाहेबाच्या खुनानंतर १८९७ साली जादा पोलिसांचा खर्च पुणेकरांच्या माथी बसला, तो याच न्यायाने. अमेरिकेत हाच न्याय महाविद्यालयीन क्रीडांगणावर अवतरला. टेक्सासमधील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या काही फुटबॉलपटूंस धनिक हितचिंतक नियम मोडून गुप्तपणे पैसे देत. क्रीडामंडळाने शिक्षा केल्यावरही, कारभाऱ्यांच्या संमतीने, ते चालूच राहिले. तेव्हा १९८७चा संघाचा संपूर्ण हंगामच रद्द झाला. संस्थाच सामील असता संस्थेस शासन व्हावे, हे रास्तच. परंतु सुक्याबरोबर ओलेही जळाले: पैशास न शिवलेल्या खेळाडूंनाही विद्यापीठ सोडावे लागले. संमती देणारे बिल क्लेमंट्स मात्र १९९१ पर्यंत टेक्सासच्या गव्हर्नरपदी सुखेनैव राहिले! त्या संघास हंगामोत्तर सामन्याचा मान पुन्हा लाभला, तो २००९ साली.