बडोद्याची साथ

1987 च्या पावसाळ्यात आमच्या तार ऑफिसातल्या एका मित्राने व्हिडिओ प्लेअर भाड्याने आणला. एका रात्रीचे भाडे भरले होते, म्हणून तीन कॅसेटी सलग पाहायच्या असा बेत ठरला. पहिल्या दोन हिंदी होत्या, त्या आता आठवतही नाहीत. तिसरी होती ‘माताहारी’, 1931 सालची, मेट्रो-गोल्डविन-मेयरची. नावात माता आणि हरी दोन्ही दिसले, म्हणून मित्राने ती पौराणिक समजून उचलली होती. पहाटे दोनला बाकीचे सतरंजीवर झोपी गेले आणि मी एकटाच पडद्यापुढे उरलो.

ग्रेटा गार्बो शंकराच्या मूर्तीपुढे नाचत होती. अंगावर मण्यांनी आणि चकाकत्या भरतकामाने जड झालेला, वेशभूषाकार एड्रियनचा पोशाख, डोक्याला घट्ट बसलेली टोपी. नाच म्हणावा असे त्यात थोडेच होते. ती हळूहळू चाले, हात उचले, मूर्तीला बिलगे. तरी नजर हलत नव्हती. पॅरिसचे सरदार-सेनापती टक लावून पाहत होते आणि त्यांच्यापैकीच कुणाची तरी गुपिते ती पुढच्या प्रसंगात काढून घेणार होती. शेवटी तिच्या रशियन वैमानिकाची दृष्टी गेलेली असते. तो तिला तुरुंगात भेटायला येतो, पण त्याला सांगितलेले असते की हा दवाखाना आहे. ती त्याच्यासमोर ते नाटक शेवटपर्यंत निभावते आणि मग शिपायांच्या रांगेमधून बंदुकांकडे चालत जाते. त्या रात्री माझे डोळे भरून आले, हे मी आजही मान्य करतो.

पण मी बडोद्याचा. दांडिया बाजारात वाढलो, धाकटी बहीण सूरसागराजवळच्या संगीत महाविद्यालयात गाणे शिकायची, तिला आणायला रोज संध्याकाळी मीच जायचो. त्यामुळे तो नाच पाहताना मनात राहून राहून एकच येत होते: हिच्यामागे साथ कोणाची? पडद्यावर होता हॉलिवूडचा वाद्यवृंद. खऱ्या माताहारीमागे कोण होते, ते मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचायला मिळाले.

खरी माताहारी हिंदुस्थानातली नव्हतीच. मार्गारेटा झेले ही हॉलंडच्या लीउवार्डन गावातली, जन्म 1876 चा. डच लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून ती जावा-सुमात्राकडे गेली, संसार मोडला, पॅरिसला आली. 13 मार्च 1905 ला पॅरिसच्या गीमे संग्रहालयात तिने आपला ‘मंदिरनृत्या’चा पहिला मोठा प्रयोग केला. ग्रंथालयाला देवळाचे रूप दिले होते आणि मध्ये शंकराची मूर्ती ठेवली होती. म्हणजे गार्बोपुढची ती मूर्ती स्टुडिओवाल्यांच्या डोक्यातून आलेली नव्हती. माताहारी हे नावही मलय भाषेतले, अर्थ सूर्य, शब्दशः दिवसाचा डोळा. आपली आई हिंदुस्थानात देवदासी होती असे ती लोकांना सांगे, आणि लोक ते खरे मानत.

आणि याच बाईला 1912-13 च्या सुमारास पॅरिसमध्ये साथ केली ती बडोद्याच्या माणसांनी. इनायत खान, त्यांचे भाऊ आणि चुलतभाऊ. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1886 मध्ये मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली, तेच बहिणीच्या महाविद्यालयाचे मूळ. इनायत खान हे मौलाबक्षांच्या मुलीचे चिरंजीव, आजोबांच्या घरातच वाढलेले. मौलाबक्षांनी आपल्या रागदारीसाठी स्वरलिपी तयार केली होती, गाणे कागदावर उतरवता यावे म्हणून. 1910 च्या सप्टेंबरात इनायत खान भावांना घेऊन अमेरिकेला निघाले. पुढे पाश्चात्त्यांना सूफी विचार सांगणारे म्हणून त्यांचे मोठे नाव झाले. पण त्याआधी परक्या मुलखात पोट भरायचे होते, आणि वीणा ऐकायला येणाऱ्यांपेक्षा नाच बघायला येणारे जास्त होते. म्हणून त्या खोट्या देवदासीच्या मागे खरी वीणा वाजली. हे वाचले त्या दिवशी मी बहिणीला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “दादा, त्यांना किती जड गेलं असेल रे.”

1931 मध्येच पॅरामाउंटचा ‘डिसऑनर्ड’ आला. जोसेफ फॉन स्टर्नबर्गचे दिग्दर्शन, मार्लीन डीट्रिश ऑस्ट्रियाची हेर, क्रमांक एक्स-27. माझ्यासारख्या तारवाल्याला हा चित्रपट गार्बोच्या चित्रपटापेक्षा जवळचा वाटतो, कारण यातली बाई काहीतरी काम करताना दिसते. शत्रूच्या सैन्याची माहिती ती पियानोच्या स्वरलेखनात लपवते. कागद कुणाच्या हाती पडला तर साधे गाणे दिसावे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला त्यात आकडे दिसावेत. शेवटी तिलाही गोळ्या घालतात. त्याआधी ती तरुण अधिकाऱ्याच्या तलवारीच्या पात्यात बघून चेहऱ्यावरची जाळी सारखी करते. अधिकारी हुकूम द्यायला नकार देतो, ओरडतो, आणि त्या गोंधळाच्या वेळात ती ओठांना रंग लावून घेते. लोकांना ती तलवार आठवते, मला मात्र ते स्वर लिहिलेले कागद.

कारण हेरगिरी म्हणजे शेवटी निरोप पोचवणे. गुपित काढून घेणे हे अर्धेच काम, ते गुपित हजारभर मैलांवर बसलेल्या माणसाच्या कानात पडले पाहिजे. हॉलिवूडने पहिल्या अर्ध्यावर जीव ओवाळून टाकला आणि दुसऱ्याकडे सहसा पाहिले नाही. खुद्द माताहारीचे प्रकरण बघा. तिला बुडवले ते कोण्या प्रियकराने नव्हे, तारांनी. माद्रिदमधला जर्मन लष्करी प्रतिनिधी बर्लिनला बिनतारी संदेश पाठवत होता, त्यात ‘एच-21’ या हेराबद्दल मजकूर होता. आयफेल टॉवरवरच्या फ्रेंच केंद्राने ते संदेश पकडले, सांकेतिक लिपी उलगडली, आणि वर्णनावरून एच-21 म्हणजे हीच, असे ठरले. 13 फेब्रुवारी 1917 ला अटक, 15 ऑक्टोबरला व्हँसेनला गोळ्या. वय 41. जर्मनांनी ती लिपी फुटलेली आहे हे ठाऊक असूनच वापरली, तिला मुद्दाम सोडून दिले, असे काही इतिहासकार मानतात. तिने दिलेली माहिती फारशी कामाची नव्हती, यावर तर बहुतेकांचे एकमत आहे. एवढे जबर नाट्य हाताशी होते, आणि चित्रपटात आयफेल टॉवरच्या कानाला जागाच मिळाली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेरांचे चित्रपट एकामागोमाग आले. 1946 चा हिचकॉकचा ‘नटोरियस’ त्यातला सगळ्यात सुबक. इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीत तळघराची किल्ली, कॅमेरा उंचावरून अख्खा दिवाणखाना ओलांडत त्या मुठीपर्यंत उतरतो, आणि तळघरातल्या बाटल्यांमध्ये मद्याऐवजी युरेनियमची वाळू. ती किल्ली पाहून मी दर वेळी श्वास रोखतो. पण मला थांबायचे आहे ते ‘थर्टीन रू मादलेन’पाशी. हेन्री हॅथवेचे दिग्दर्शन, जेम्स कॅग्नी नायक, आणि फ्रान्समध्ये पॅराशूटने उतरणाऱ्या तुकडीत आनाबेला या फ्रेंच नटीची भूमिका आहे बिनतारी यंत्र चालवणाऱ्या मुलीची. ती शेवटी मरते. पेटी, हेडफोन आणि निरोप ठोकायची की घेऊन बसलेली बाई, कुठलेही रत्न अंगावर नसलेली, हॉलिवूडने दाखवली ती इथे. शीर्षकातले मादलेन हे चित्रपटात गेस्टापोच्या कचेरीचा पत्ता आहे. त्याच्या काहीच वर्षे आधी, खऱ्या पॅरिसमध्ये, ‘मादलेन’ हे सांकेतिक नाव घेऊन एक खरी मुलगी तसल्याच पेटीपुढे बसत होती. इनायत खानांची थोरली लेक, मौलाबक्षांची पणती, नूर.

नूरचा जन्म 1 जानेवारी 1914 चा, मॉस्कोतला. आई अमेरिकन. पॅरिसजवळ सुरेनला लहानाची मोठी झाली, हार्प शिकली, वीणा शिकली, मुलांसाठी जातककथा इंग्रजीत आणल्या, ते पुस्तक 1939 मध्ये लंडनला निघाले. फ्रान्स पडल्यावर इंग्लंडला जाऊन हवाई दलाच्या महिला शाखेत तिने बिनतारी काम शिकून घेतले. 16 जून 1943 च्या रात्री लायसँडर विमानाने तिला हेर म्हणून फ्रान्समध्ये उतरवले. काही दिवसांतच तिच्या जाळ्यातली माणसे भराभर पकडली गेली. लंडनने परत बोलावले, तिने नकार दिला, कारण ती गेली असती तर पॅरिसमधून निरोप पाठवणारे कुणी उरले नसते. तिथला बिनतारीवाला साधारण सहा आठवडे टिकतो, असा तेव्हाचा हिशेब होता. ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टिकली.

ते यंत्र सुटकेसमध्ये बसवलेले, वजन साधारण चौदा किलो. साठ-सत्तर फुटांची एरियल झाडावर किंवा खिडकीबाहेर टाकायची. निरोप पाठवणे जास्त वेळ चालले की शोध घेणाऱ्या गाड्या गल्लीत येणार, म्हणून थोडक्यात आटोपून जागा बदलायची. रोज नवी खोली, रोज तेच ओझे.

तिचा हात जड होता, असे तिला शिकवणाऱ्यांनी नोंदवले आहे. थंडीने तिची बोटे सुजायची. ‘हात’ म्हणजे काय, हे तारवाल्याशिवाय दुसऱ्याला समजावणे अवघड आहे. मी पुण्याला असताना भुसावळच्या टोकाला एक गृहस्थ बसायचे. चार वर्षांत आम्ही एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. पण त्यांची लांब खूण किंचित ओढलेली असे, आणि दोन शब्दांमध्ये ते जरा जास्त थांबत, तबलजी समेवर येण्याआधी थांबतो तसे. साउंडरची टकटक सुरू होताच मी ओळखायचो. एका रात्री निरोप त्यांच्या सहीने आला, पण ती ओढ नव्हती. मी काम थांबवून विचारले, तिथे कोण आहे? उत्तर आले, मीच आहे, मधले बोट दारात चेमटले, कापड बांधले आहे. हात असा ओळखू येतो. अक्षर बदलता येते, आवाज बदलता येतो, हे बदलणे फार कठीण.

नूरचे शेवटचे काही महिने वाचताना मला हे आठवते. कुणीतरी पैशासाठी तिचा ठावठिकाणा विकला. अटकेच्या वेळी तिच्या खोलीत एक वही सापडली, त्यात पाठवलेल्या संदेशांची नोंद होती. यावरून तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणारे लिहिणारे आहेत. ते वाचले की मला राग येतो. पाठवलेल्या प्रत्येक तारेची नोंद ठेवायची, ही आमच्या खात्यातली पहिल्या दिवसाची शिकवण होती. तिला दिलेल्या सूचनेतल्या एका शब्दाचा अर्थ तिने असाच घेतला, असे तिच्या चरित्रात आहे. वही ठेवणारी मुलगी कामात चोख होती. चुकली असेल तर ती सूचना लिहिणारी लेखणी.

एव्हेन्यू फॉशच्या 84 क्रमांकाच्या इमारतीतून तिने छपरावरून निसटायचा प्रयत्न केला, पकडली गेली. मग जर्मनीत फॉर्त्सहाइमच्या तुरुंगात कित्येक महिने हातापायांत बेड्या. तिने तोंड उघडले नाही. पण तिचे यंत्र जर्मनांकडे होते, वही होती, आणि तिच्या नावाने दुसऱ्याच कोणाचा हात कीवर पडत होता. लंडनला शंका आल्या, पण निरोप घेतले जात राहिले. त्या खोट्या हातावर विश्वास ठेवून 1944 च्या फेब्रुवारी अखेरीस लंडनने शार्त्रजवळ माणसे उतरवली. खाली जर्मन वाट पाहत उभे होते. उतरणाऱ्यांमध्ये मादलेन दामरमाँ नावाची फ्रेंच तरुणी होती.

13 सप्टेंबर 1944 ला सकाळी दाखाउच्या छळछावणीत चार बायकांना गोळ्या घातल्या. त्यांत नूर होती, आणि मादलेन दामरमाँही होती. त्याच्या 34 वर्षे आधी, सप्टेंबरच्या त्याच तारखेला इनायत खान वीणा घेऊन अमेरिकेला जायला निघाले होते.

नूरला ब्रिटनने 1949 मध्ये जॉर्ज क्रॉस दिला. जुन्या हॉलिवूडने तिच्यावर चित्रपट काढला नाही. 2019 च्या ‘अ कॉल टू स्पाय’मध्ये ती भूमिका केली पुण्यात वाढलेल्या राधिका आपटेने. मी तो बहिणीबरोबर पाहिला. ती पडद्यावरची हार्प शोधत होती आणि मी की.