पाटकरी कोणाचा?

कालव्याचं पाणी शेतकऱ्यांनीच वाटून घेणाऱ्या पाणी वापर संस्थेचा जन्म कुठला, असं विचारलं की बहुतेक जण राज्याच्या २००५च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याकडे बोट दाखवतात. कायदा बारशाला आला होता एवढंच. मूळ शोधायचं तर पाटकऱ्याच्या मागे जावं लागतं.

बागलाणात आणि धुळ्याकडे मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाट काढायची रीत काही शतकांची आहे. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. शेतं ज्याची त्याची, पण एका फडात पीक एकच: ऊस तर सगळ्यांचा ऊस, गहू तर सगळ्यांचा गहू. पाणी भरायचं काम मालकाचं नव्हेच. ते पाटकरी करी. उभ्या पिकाची राखण जागल्याकडे, या सगळ्यांवर हवालदार आणि हवालदाराच्या वर गावचे पंच. आपल्या शेताचं दारं आपणच फोडायची सोय नसल्यामुळे निम्मी भांडणं जागच्या जागी मिटत. पाटकऱ्याची मजुरी गाव देई, म्हणून तो गावाला जबाबदार.

पुढे सरकार आलं. १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला. १८८४मध्ये तरुण विश्वेश्वरय्या सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत, म्हणजे जमिनीचे गट पाडून त्यांना पाणी द्यायची रीत, त्यांनीच पुढे मांडली. मोठी धरणं, लांब कालवे, पाणी अर्ज, शेजपाळी म्हणजे ओळीने येणारी पाण्याची पाळी. पाटावर माणूस होताच, पण त्याचा पगार आता सरकारी तिजोरीतून येऊ लागला. फड गेला नाही, पण त्याच्यातली पंचायत मोठ्या कालव्यावर काही चढली नाही. त्यात पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर. पाणी किती घेतलं याचा हिशेब नाही. मग वरच्या अंगाचा शेतकरी हात आखडता कशाला घेईल?

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण झालं तेव्हा नेमकं हेच झालं. कालव्याचं टेल, म्हणजे शेवटचं टोक, ओझरला. हे निफाड तालुक्यातलं ओझर, जिथे मिग विमानं बांधली गेली. विमान बनत होतं आणि चारी कोरडी होती! लाभक्षेत्राच्या नकाशावर शेतं ओलिताखाली दाखवलेली, प्रत्यक्षात कालव्याचं पाणी तिथपर्यंत पोचतच नव्हतं.

इथे समाज परिवर्तन केंद्र येतं. ओझरची ही स्वयंसेवी संस्था बापू उपाध्ये यांची. भरत कावळे त्यांचे सहकारी. बापू समाजवादी चळवळीतले. मोर्चा काढणं त्यांना सहज जमलं असतं, पण त्यांनी वेगळीच मागणी धरली: पाणी आम्हाला मोजून द्या, वाटप आमचं आम्ही करतो. पुण्याच्या सोपेकॉम या संस्थेतले जाणकार तांत्रिक बाजू सांभाळायला आले. १९९०-९१च्या सुमारास सहकार कायद्याखाली तीन संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. पाणी घनमापावर, म्हणजे वाचलेलं पाणी संस्थेचं. म्हणून त्यांनी ते पाणी बाणगंगा नदीच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेतल्या. कालवा आणि विहीर यांचा एकत्र हिशेब मांडणं हे मला या सगळ्यातलं सर्वांत अस्सल डोकं वाटतं. सरकारी कागदावर या दोन गोष्टी भाऊबंदकी झाल्यासारख्या वेगळ्या राहतात.

पाटकरी पुन्हा संस्थेचा झाला. फडाशी असलेलं नातं मात्र इथेच तुटतं. फडात पीक पंच ठरवत; ओझरला संस्था फक्त पाणी मोजून देते, पीक ज्याचं त्याने ठरवावं. म्हणूनच तिथे द्राक्षबागा पसरल्या. फडाच्या शिस्तीत त्या कशा बसल्या असत्या, कोण जाणे.

शेजारच्या गावांनी हे पाहिलं आणि संस्थांची संख्या वाढत चोवीसवर गेली. २००३मध्ये सगळ्या वाघाड प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आलं. मग २००५चा कायदा. त्यात संचालकांच्या जागा हेड, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांना सारख्या वाटलेल्या आहेत. ओझरकरांनी टेलला बसून जे भोगलं, ते राज्याच्या कायद्यात कलम होऊन बसलं.

एक गोष्ट मात्र या वंशावळीत उतरली नाही. विलासराव साळुंखे यांच्या पुरंदरमधल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरे आणि भूमिहीनालाही मिळे. फडात तसं नव्हतं. वाघाडलाही नाही. द्राक्षांच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुराचं नाव पाणी वापर संस्थेच्या यादीत शोधू नका. ती यादी सातबाऱ्यावरून तयार होते.