मैत्रीण दुसऱ्या धर्मात जाते तेव्हा



गटाच्या बैठकीत आपण हप्त्याचं बोलतो, व्याजाचं बोलतो, कुणाच्या शेळीचं आणि कुणाच्या नवऱ्याच्या दारूचंही बोलतो. एक दुःख मात्र बायका सहसा उघड बोलत नाहीत. लहानपणापासूनची मैत्रीण असते. दोघींनी एका विहिरीवर पाणी भरलेलं असतं, एकमेकींची बाळंतपणं काढलेली असतात. आणि एक दिवस ती धर्म बदलते. कुणी बौद्ध होते, कुणी रविवारी प्रार्थनेला जायला लागते, कुणी लग्नानंतर मुसलमान होते. महानुभावांचा उपदेश घेतलेल्या बाईचंही तसंच. तिचा धर्म बदललेला नसतो, पण ती दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नाही. मग संक्रांतीच्या वाणाला एक पाट रिकामा राहतो. मनात येतं, हिला आता आपण नकोशा झालो का?

हे दुखणं आजचं नाही. याच महाराष्ट्रात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मोठ्या शिकल्यासवरल्या बायांनी ते सोसलं. त्यांची गोष्ट आज सांगते.

पंडिता रमाबाई 1858 साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्यांना पुष्कळ त्रास दिला. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडायचं. दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण उपासमारीनं गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले, तेही हिंडत राहिले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तर दोन वर्षांच्या आत तोही कॉलऱ्यानं गेला. कडेवर मनोरमा नावाची तान्ही लेक घेऊन त्या 1882 मध्ये पुण्याला आल्या.

पुण्यात त्यांना रमाबाई रानडे भेटल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या, आणि नवऱ्याच्या आग्रहानं लिहायला-वाचायला शिकलेल्या. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिकणं डोळ्यांत खुपायचं. पंडिताबाईंनी आर्य महिला समाज काढला, बायका जमवल्या, पुराणं समजावून सांगितली, बायकांनी शिकावं असं निक्षून सांगितलं. रमाबाई रानडे या सभांना जायच्या आणि घरी आल्यावर बोलणी खायच्या. त्या दोघी हर्फर्ड नावाच्या इंग्रज बाईंकडे इंग्रजीही शिकल्या. एकमेकींच्या आधारानं उंबरा ओलांडलेल्या अशा बायांची मैत्री किती घट्ट असते, ते गटातल्या बायकांना मी काय सांगणार!

1883 मध्ये पंडिताबाई डॉक्टरकी शिकायच्या इराद्यानं विलायतेला गेल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज या गावी लेकीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गहजब झाला. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं तेच म्हणू लागले, बाई फसली, बाई बाटली, हिनं आपला विश्वासघात केला.

तेव्हा जोतिबा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. जिल्हा परिषदेच्या कामाला औरंगपुऱ्यात आलात की जोतिबा आणि सावित्रीबाईंचे पुतळे तुम्हाला दिसतात. त्याच जोतिबांनी 1885 साली ‘सत्सार’ नावाच्या पुस्तिकेत पंडिताबाईंवर तुटून पडणाऱ्यांना उलट सवाल केले. शिकलेली बाई स्वतः वाचून, विचार करून निर्णय घेते, याचाच या मंडळींना राग आहे, असा त्यांचा रोख होता. मला तो पटतो. बाईनं धर्म बदलला की पहिला प्रश्न ‘कुणी फसवलं?’ हाच येतो. तिनं स्वतः काही ठरवलं असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. आपणही मैत्रिणीबद्दल असंच बोलतो का, ते एकदा आठवून पाहा.

आता गंमत बघा. पुण्याला वाटलं की ही बाई पार विलायती झाली. तिकडे विलायतेत ज्यांनी तिला धर्म दिला त्या जोगिणींची तक्रार होती की ही काही ऐकत नाही. पंडिताबाईंनी मांसाहार धरला नाही. लुगडं सोडलं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर त्यांनी विचारलं की संस्कृत का नको? धर्मगुरूंनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट तपासून घेतल्याशिवाय त्या मानायला तयार नव्हत्या. वडिलांबरोबर रानोमाळ हिंडत शिकलेली ती वाद घालणारी रमा तशीच्या तशी होती. दुरून पाहणाऱ्याला फक्त बदललेलं दिसतं. न बदललेलं दिसायला जवळ जावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच आपण लांब सरकतो.

काही जणी लांब सरकल्या नाहीत. 11 मार्च 1889 ला पंडिताबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, बालविधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. त्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. काशीबाई हिंदू, लेखिका, आणि हिंदूच राहिल्या. धर्मांतराला साडेपाच वर्षं झाली होती, निंदा थांबलेली नव्हती, तरी त्या चारचौघांत मैत्रिणीशेजारी जाऊन बसल्या. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर यांच्यासारखी हिंदू मंडळी सदनाच्या सल्लागारांत होती.

पण सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सदन पुण्याला आलं आणि 1893 मध्ये हे सल्लागार राजीनामे देऊन बाजूला झाले. कितीतरी पालकांनी मुली घरी नेल्या. भांडण कशावरून? सदनात कुठल्याच धर्माची शिकवण द्यायची नाही असं ठरलं होतं. पंडिताबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, पण दार उघडं असायचं. मुली येऊन बसायच्या. सल्लागार म्हणाले, हे शब्द मोडणं आहे. पंडिताबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या देवाचं नाव घेताना दार का लावून घेऊ? मुली त्यांच्या धर्माचं पाळायला मोकळ्या आहेतच.

मी हे पुन्हा पुन्हा वाचते तेव्हा मला दोन्ही बाजू कळतात. लहान मुली, घरातून तुटलेल्या, जीव लावणारी एकच बाई समोर. तिनं बोलावलं नाही तरी त्या ओढल्या जाणारच. सल्लागारांची काळजी नुसत्या सोवळ्याची नव्हती. आणि पंडिताबाईंनी आपल्याच घरात देव लपवावा, हेही अन्यायाचंच. चूक मला दुसरीकडेच दिसते. ‘धर्म शिकवायचा नाही’ असं सगळे म्हणाले, पण उघड्या दाराचं काय, मुली आत आल्या तर काय, हे आधी कुणी मोकळेपणी बोलून घेतलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या मनातला अर्थ धरला. मैत्रीण प्रार्थनेला जाऊ लागली आणि तुमची लेक तिच्याकडे खेळायला जाते, शिवण शिकायला जाते, तर मनात कुढत बसू नका. सरळ विचारा. ‘ताई, तुझ्या प्रार्थनेला ती बसलेली मला चालेल’ किंवा ‘चालणार नाही, तेवढा वेळ तिला घरी पाठव.’ दोन्ही बोलण्यांनी मैत्री तुटत नाही. न बोलता लेकीला परत बोलावलं की तुटते. मैत्रीण तुम्हालाच ‘तू पण ये’ म्हणत असेल, तर तिलाही एकदा स्पष्ट ‘नाही’ सांगता येतं. पंडिताबाईंनी आपल्या गुरूंनाही सांगितलंच होतं की.

रमाबाई रानडे धर्मात राहिल्या, पंडिताबाई गेल्या. पण दोघींचं पुढचं आयुष्य बघा. एकीनं दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या शेकडो मुली-बायका केडगावला मुक्ती सदनात आणून सांभाळल्या. दुसरीनं पुण्यात सेवासदन उभं केलं, बायकांना शिक्षिका आणि परिचारिका केलं. 1882 साली पुण्याच्या त्या सभांत जे बोललं गेलं होतं, त्याचंच काम दोघी दोन दारांतून करत होत्या.

याच काळातली आणखी एक जोडी आहे. आनंदीबाई जोशी, परदेशात जाऊन डॉक्टर झालेल्या आपल्या पहिल्या बायांपैकी एक. त्यांचे पती गोपाळराव यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की ख्रिस्ती व्हा, मग बघू. तो पत्रव्यवहार एका ख्रिस्ती मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना तो त्यांच्या वाचनात आला. त्याही ख्रिस्ती, पण त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं ते कुठलीही अट न घालता. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. 1883 मध्ये त्या रोझेलला पोहोचल्या, कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या, लुगडं आणि शाकाहार सांभाळला. 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा बघायला विलायतेहून एक पाहुणी गेली होती. पंडिता रमाबाई! आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. दोघींनी देश सोडला तो एकाच वर्षी, एकाच महिन्यात. एक धर्म बदलून आलेली, एक न बदलता राहिलेली, आणि पदवीच्या दिवशी दोघी एका सभागृहात.

आनंदीबाई पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 ला, पुण्यात क्षयानं गेल्या. बाविसावं पूर्ण व्हायचं होतं. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली, आणि त्या बाईंनी ती पोकिप्सी गावच्या आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवली. आपल्या माणसांत, आपल्या नावाच्या दगडाखाली. तो दगड अजून आहे.

आता आपल्या मराठवाड्याकडे येते, कारण आपल्या गावांत ही गोष्ट बहुतेक वेळा 1956 पासून सुरू होते. 1935 मध्ये आपल्या वैजापूरला लागून असलेल्या येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत राम-कृष्ण मानणार नाही, गौरी-गणपती मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही असं आहे. खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही हेही आहे. गावोगावच्या बायांनी देव्हारे रिकामे केले, मरीआईचे नवस थांबवले.

म्हणून बौद्ध मैत्रीण महालक्ष्म्यांच्या जेवणाला आली नाही तर ती प्रतिज्ञा पाळते आहे. तुमच्यावर रुसलेली नाही. आणि एक गोष्ट अवघड आहे, पण सांगायलाच हवी. ‘ती बदलली, आता आमच्याकडे जेवत नाही’ असं म्हणणाऱ्या बाईनं आपल्या आजीला विचारावं की 1956 च्या आधी तिच्या आजीला ओसरी चढू देत होते का? पाणी वरून घालायचे. प्रसाद लांबून टाकायचे. मेलेलं ढोर ओढायला तिच्या घरच्या माणसाला हाक यायची. अंतर तिच्या धर्मांतरानं पडलं नाही, ते आधीच होतं. आज ती ताठ मानेनं समोरच्या खुर्चीवर बसते, बरोबरीनं बोलते, गटाची सही करते. खरी मैत्री व्हायला लागते ती बरोबरी तिला मिळाली, आणि त्यात या धर्मांतराचा मोठा वाटा आहे.

जोतिबांनी शेवटच्या आजारपणात ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये छापलं गेलं. त्यात एक घर आहे. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झालेली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, लेक कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि सगळे एका छपराखाली, एकमेकांचा हेवा न करता, मायेनं राहतात. लोकांना ते वेड वाटलं असेल. मला त्या घराच्या स्वयंपाकघराची फार उत्सुकता वाटते. सणाला काय शिजायचं, कुणाच्या उपासाला कोण थांबायचं, भांडण झालं तर आधी चहा कोण टाकायचं? जोतिबांनी ते लिहिलेलं नाही. ते बायकांनाच ठरवावं लागतं.

तुमच्या गटात ते कसं ठरतं? कुणी संक्रांतीला वाणाऐवजी रोपं वाटत असेल, कुणी भीमजयंतीला शेजारणीच्या दारी जात असेल, कुणी ईदच्या शिरखुर्म्याला आणि नाताळच्या करंज्यांना. जिनं बोलणं सोडलं होतं आणि पुन्हा सुरू केलं, ती काय म्हणाली, पहिलं वाक्य कुणी बोललं, ते आम्हाला लिहून पाठवा. तिचं नाव लिहू नका, गावही नको.