डुक्कर : तिकडे दौलत, इकडे शिवी

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात डुक्कर म्हणजे दौलत. वधूमूल्य डुकरांत, खुनाची भरपाईही डुकरांत. माउंट हागनकडे 'मोका' नावाची देवघेव चालते. तिथं जो जास्त डुकरं वाटतो, तो मोठा माणूस.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात तेच जनावर पाळणारा कैकाडी गावकुसाबाहेर. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी सिनेमाला 'फँड्री' नाव दिलं, कैकाडी बोलीत त्याचा अर्थ डुक्कर. ज्या डुकराचा गावाला विटाळ, ते पकडायला जब्याच्याच घरच्यांना बोलावणं! मग विटाळ डुकराचा की जातीचा?

इंग्रजांनी कैकाड्यांना गुन्हेगार जमात ठरवलं, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट वसवली. ३१ ऑगस्ट १९५२ ला शिक्का पुसला, पण नुसत्या शिक्का पुसण्यानं कुणाला शेत मिळत नाही. बिनजमिनीच्या माणसाकडे चाऱ्याशिवाय वाढणारं, एका वेतात आठ-दहा पिल्लं देणारं भांडवल कोणतं? डुक्करच.

आता राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या, १० नरांच्या वराहपालनाला ५० टक्के, कमाल ३० लाख अनुदान आहे. 'पिगरी' म्हटलं की विटाळही जातो म्हणे! पण अर्जाला जागेचे कागद लागतात. पिढ्यान्‌पिढ्या डुकरं राखणाऱ्या, पालात राहणाऱ्या आमच्या भावानं ते आणायचे कुठून?