हिल विक्रिया

वनस्पतींच्या पेशींतून अलग केलेल्या हरितकणूंवर योग्य इलेक्ट्रॉन-ग्राही पदार्थाच्या सान्निध्यात प्रकाश पडला असता पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन मुक्त होतो व त्या पदार्थाचे क्षपण होते. केंब्रिज येथील जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट हिल (१८९९–१९९१) यांच्या नावावरून या विक्रियेस ‘हिल विक्रिया’ म्हणतात.

प्रकाशसंश्लेषणात [⟶ प्रकाशसंश्लेषण] बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डाय-ऑक्साइडापासून येतो, असे विसाव्या शतकाच्या आरंभी सामान्यतः मानीत. १९३१ च्या सुमारास सी. बी. व्हान नील यांनी गंधक-जंतूंच्या अभ्यासावरून निराळे मत मांडले. हे जंतू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात व ऑक्सिजनाऐवजी गंधक निर्माण करतात. म्हणून हिरव्या वनस्पतींतील ऑक्सिजन पाण्यातूनच येत असावा, असे त्यांनी सुचविले. तथापि हे अनुमान साधर्म्यावर आधारलेले होते.

१९३७ मध्ये हिल यांनी पाने चुरडून हरितकणू अलग केले. ऑक्सिजनाशी संयोग झाला की हीमोग्लोबिनाचा वर्णपट बदलतो. या गुणधर्माचा उपयोग करून त्यांनी ऑक्सिजनाची अत्यल्प राशीही मोजली. पानांच्या अर्काऐवजी फेरिक ऑक्झॅलेट वापरले, तरी प्रकाशात ऑक्सिजन निघत राही व फेरिक लोहाचे फेरस लोह होई. कार्बन डाय-ऑक्साइडाचे क्षपण मात्र होत नसे. यावरून ऑक्सिजननिर्मिती व कार्बन डाय-ऑक्साइडाचे स्थिरीकरण हे वेगळे करता येण्याजोगे टप्पे आहेत, हे स्पष्ट झाले. १९४१ मध्ये सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमेन व सहकारी यांनी ऑक्सिजनाचा जड समस्थानिक वापरून व्हान नील यांच्या मतास पुष्टी दिली.

ऑक्सिजनाचा एक रेणू निर्माण होताना पाण्याच्या दोन रेणूंपासून चार इलेक्ट्रॉन सुटतात. ते पुढे वाहून नेणारा ग्राही नसेल, तर प्रवाह खुंटतो व ऑक्सिजन निघणेही थांबते. सजीव पानात हे कार्य अखेरीस एनएडीपी हे सहएंझाइम करते; हरितकणू अलग करताना ते बरेचसे निघून जात असल्यामुळे त्याची जागा कृत्रिम ग्राहीस घ्यावी लागते. फेरिसायनाइड, बेंझोक्विनोन व डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल हे असे पदार्थ होत. यांपैकी शेवटचा निळा रंजक क्षपणाने रंगहीन होतो. त्यामुळे विक्रियेचा वेग रंग फिका होण्यावरून मोजता येतो. मिथिल व्हायोलोजेन हे पहिल्या प्रकाशप्रणालीकडून इलेक्ट्रॉन घेते, तर बेंझोक्विनोन मुख्यतः दुसऱ्या प्रणालीच्या बाजूने घेते. निरनिराळे ग्राही वापरून साखळीचे विशिष्ट भाग स्वतंत्रपणे तपासता येतात. डाययुरॉन हे तणनाशक दुसऱ्या प्रणालीपासून पुढे जाणारा प्रवाह रोखते, हेही याच पद्धतीने दाखविता येते.

१९६० मध्ये हिल व फे बेंडॉल यांनी दोन प्रकाशविक्रिया एकापुढे एक जोडलेल्या असल्याची कल्पना मांडली. तिच्यावर आधारलेली ‘झेड’ आकृती आजही मूलभूत मानली जाते.