श्वानरक्तातील पुटिका : एका निदानपद्धतीची पूर्वपीठिका

भूमध्य समुद्राच्या काठावरील देशांत आणि ब्राझीलमध्ये कुत्र्यांना जडणारा लीशमॅनियासिस हा रोग ज्या एकपेशीय परजीवीमुळे होतो, त्याच्या कुळाची ओळख विज्ञानाला प्रथम भारताशी संबंधित रुग्णांमुळे पटली. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे नोकरी करून परतलेल्या आणि तापाने दगावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत दिसलेल्या सूक्ष्म अंडाकृती देहांचे वर्णन विल्यम लीशमन यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही ते आढळले आणि रोनाल्ड रॉस यांनी या परजीवीला दोघांची नावे दिली. पुढे १९०८ मध्ये ट्यूनिसच्या पाश्चर संस्थेत शार्ल निकोल आणि त्यांचे सहकारी कोंत यांनी कुत्र्यांतही हा संसर्ग असल्याचे दाखवले. याच कुळातील परजीवीमुळे माणसांना होणारा भारतातील काळा आजार वाळूमाशीमार्फत माणसाकडून माणसाकडे जातो असे मानले जाते, तर भूमध्य प्रदेशात कुत्रा हाच परजीवीचा मुख्य आसरा ठरतो, आणि म्हणून तेथे कुत्र्यातील निदान हा माणसांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

आरंभीचे निदान डोळ्यांनी व्हायचे. लसीका ग्रंथीतून किंवा अस्थिमज्जेतून सुईने काढलेला द्रव काचपट्टीवर पसरून गिम्सा रंगाने रंगवला की पेशींच्या आत दोन ते चार मायक्रोमीटर आकाराचे परजीवी दिसतात. परंतु त्यांची संख्या कमी असल्यास तज्ज्ञाची नजरही चुकते. त्यानंतर प्रतिपिंडांच्या, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांच्या चाचण्या आल्या. त्यांनी तपासणी सोपी केली, तरी उपचारांनंतरही प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकून राहत असल्याने संसर्ग आज सक्रिय आहे की नाही, हे त्यांवरून नेमके सांगता येत नाही. परजीवीच्या डीएनएचा माग काढणारी पीसीआर चाचणी त्याचे अस्तित्व दाखवते. मात्र या रोगात कुत्र्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण असलेला मूत्रपिंडाचा बिघाड कुठवर गेला आहे, हे त्यातूनही उमगत नाही.

ही उणीव भरून काढण्याची आशा ज्या कणांवर ठेवली जाते, ते प्रारंभी दुर्लक्षितच होते. पेशींतून बाहेर पडणाऱ्या आणि मेदाच्या दुपदरी आवरणात बंदिस्त असलेल्या अशा कणांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी रक्तबिंबिकांतून निघणाऱ्या कणांचे वर्णन 'धूळ' असे केले. १९८३ मध्ये अपक्व तांबड्या पेशींवर काम करणाऱ्या दोन गटांना, पेशीला नको झालेले ग्राही, म्हणजे बाहेरचे रेणू पकडणारी प्रथिने, या पुटिकांतून बाहेर टाकले जातात असे दिसले, आणि तेव्हापासून बराच काळ त्यांच्याकडे पेशीचा कचरा म्हणूनच पाहिले गेले. २००७ मध्ये त्यांच्यातून आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे पोहोचतो असे सिद्ध झाल्यावर ही समजूत मागे पडली. लीशमॅनियासिसचा परजीवी लीशमॅनियाही अशा पुटिका सोडतो, त्यांत यजमानाची प्रतिकारशक्ती बिघडवणारे जीपी६३ हे प्रथिन असते, आणि वाळूमाशीच्या आतड्यातही तो त्या सोडतो, असे त्यानंतरच्या दशकात उघड झाले.

रुग्ण कुत्र्याच्या रक्तात परजीवीच्या आणि खुद्द कुत्र्याच्या, अशा दोन्ही उगमांच्या पुटिका एकत्र येण्याची शक्यता असल्यामुळे संसर्ग आणि त्याने केलेली हानी एकाच नमुन्यातून वाचता येईल, अशी अपेक्षा आहे. रोगाची अशी खूण पटवणाऱ्या घटकाला जैवनिदर्शक म्हणतात. पण वाट अवघड आहे. रक्त गोठताना रक्तबिंबिका स्वतःच असंख्य पुटिका सोडतात, त्यामुळे रक्त कोणत्या नळीत घेतले आणि किती वेळाने फिरवले यावरही निकाल बदलतो. शिवाय पुटिका वेगळ्या करण्यासाठी वापरले जाणारे अतिवेगी अपकेंद्रण यंत्र साध्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नसते. म्हणून आजही पशुवैद्य काचपट्टी, प्रतिपिंडे, पीसीआर आणि लघवीतील प्रथिनांची मोजणी यांचाच एकत्रित विचार करतो. नमुना घेण्याची एकच पद्धत सर्वत्र पाळली जाईपर्यंत पुटिकांचे स्थान प्रयोगशाळेतच राहील, आणि ते तसेच राहणे रुग्ण जनावराच्या हिताचे आहे.